डीव्हीडी कन्व्हर्ट करताना आवाज परत परत मागे पडतोय? सेटिंगला हात लावायच्या आधी हे बघा

घरच्या रेकॉर्डिंगच्या चाळीसेक डीव्हीडी कॉम्प्युटरवर घ्यायचं काम काढलं तेव्हा वाटलं होतं दोन सुट्ट्यांत उरकेल. चार महिने लागले. त्यातले पहिले दोन तर एकाच भानगडीत गेले. फाइल तयार व्हायची, सुरुवातीची पाच मिनिटं बघितली की सगळं झकास, आणि चाळीस मिनिटांपुढे गेलं की ओठ आधी हलतात आणि आवाज नंतर येतो. मग सेटिंग बदला, रात्रभर लावून ठेवा, सकाळी उठून बघा तर परत तेच. फ्रेम रेट (सेकंदाला किती चित्रं) बदलून झाला, व्हिडिओ दाबायची पद्धत एक्स२६४ ऐवजी एक्स२६५ करून झाली, ऑडिओ दाबायची पद्धत म्हणजे कोडेक बदलला, शेवटी प्रोग्रॅमच बदलला. मधे एक डिस्क बरोबर निघाली तेव्हा वाटलं सापडलं बुवा एकदाचं, आणि पुढचीच डिस्क परत घसरली.

उशिरा ट्यूब पेटली. कन्व्हर्टर एका बटणात तीन कामं करत असतो: डिस्कवरून डेटा वाचतो, त्या डेटाचे तुकडे योग्य क्रमाने आणि योग्य वेळेवर लावतो, आणि मग एन्कोड करतो, म्हणजे नव्या पद्धतीने दाबून फाइल लिहितो. सेटिंगच्या ज्या खिडकीत आपण तासन् तास घालवतो ती जवळपास सगळी तिसऱ्या कामाची असते. माझा बिघाड दर वेळी पहिल्या दोन कामांत होता, आणि मी स्वयंपाक बिघडला म्हणून ताटं बदलत बसलो होतो.

म्हणून हे सगळं त्याच क्रमाने लिहितोय. आणि हो, हे स्वतःच्या रेकॉर्डिंगबद्दल आहे, कॅमकॉर्डर, डीव्हीडी रेकॉर्डर, कुणीतरी बर्न करून दिलेल्या डिस्क वगैरे. विकतच्या पिक्चरच्या डिस्कवर बहुतेक वेळा सीएसएस नावाचं कुलूप असतं, ते तोडण्याबद्दल प्रत्येक देशाचा कायदा वेगळा आहे आणि तो विषय मी इथे काढत नाही. फक्त ओळखायचं कसं ते सांगतो, म्हणजे उगाच डिस्क पुसत बसणार नाही: हँडब्रेक हा फुकट कन्व्हर्टर स्वतःहून ते कुलूप उघडत नाही, त्यामुळे अशी डिस्क थेट दिली तर फाइल तयार होते पण तिच्यात नुसते मधे मधे नाही, तर पहिल्या मिनिटापासूनच हिरवे-गुलाबी चौकोन दिसतात. ओरखडा असेल तर घाण एखाद्या ठिकाणी येते आणि जाते, कुलूप असेल तर सगळीकडे असते.

आधी आयएसओ, मग बाकी सगळं

डिस्कवरून थेट कन्व्हर्ट करू नका. खरंच नका करू. आधी डिस्कची जशीच्या तशी एक आयएसओ इमेज हार्ड डिस्कवर घ्या आणि पुढचं सगळं त्या इमेजवर करा. विंडोजवर इमगबर्न हे जुनं फुकट सॉफ्टवेअर अजूनही हे काम नीट करतं, मॅकवर डिस्क युटिलिटीत डीव्हीडी मास्टर म्हणून इमेज घेता येते (तिचं एक्स्टेन्शन सीडीआर येतं, ते बदलून आयएसओ केलं तरी चालतं), लिनक्सवाल्यांना डीडीरेस्क्यू आहेच, त्याच्याबद्दल खाली बोलतो. हँडब्रेक आणि व्हीएलसी हा फुकट प्लेअर, दोन्ही आयएसओ फाइल थेट उघडतात.

ह्याने काय होतं तर पहिलंच निदान फुकटात होतं. ती आयएसओ व्हीएलसीत लावा आणि जिथे गडबड होती तिथे जा, म्हणजे चाळिसाव्या मिनिटाला. तिथे व्हीएलसीसुद्धा अडकतं, चित्र फुटतं? मग वाचण्यात प्रॉब्लेम आहे, एन्कोडरला शिव्या देऊ नका. व्हीएलसीत ओठ आणि आवाज बरोबर आहेत पण तुमच्या कन्व्हर्ट केलेल्या एमपी४ फाइलमध्ये नाहीत? मग डिस्क ठणठणीत आहे, गोंधळ नंतरचा आहे. दोन मिनिटांची टेस्ट, आणि मी दोन महिने केली नव्हती.

एक बारीक गोष्ट. सिंगल लेयर (डेटाचा एकच थर असलेल्या) डीव्हीडीवर ४.७ जीबी लिहिलेलं असतं आणि पूर्ण भरलेल्या डिस्कची इमेज विंडोजमध्ये ४.३७ च्या आसपास दिसते. इमेज अर्धवट आली असं समजून मी दोन डिस्क परत वाचल्या. काही कमी आलेलं नसतं, डिस्कवाले १००० च्या हिशोबाने मोजतात आणि विंडोज १०२४ च्या, एवढंच. डबल लेयरचे ८.५ तसेच ७.९५ च्या आसपास दिसतात. आणि ती इमेज पेन ड्राइव्हवर टाकताना जागा असूनही फाइल फार मोठी आहे असं म्हणत असेल तर पेन ड्राइव्ह फॅट३२ आहे, त्यात एक फाइल ४ जीबीच्या वर जातच नाही. एक्सफॅट करून घ्या (फॉरमॅट केल्यावर आतलं सगळं जातं हे सांगायला नको).

डिस्क वाचतच नाही, किंवा दर वेळी एकाच टक्क्याला अडकते

१एक्स स्पीड म्हणजे सेकंदाला साधारण १.३८ एमबी, म्हणजे पूर्ण भरलेली सिंगल लेयर डिस्क १एक्सला सुमारे ५७ मिनिटांत आणि ४एक्सला पाव तासात वाचून व्हायला पाहिजे. तासभर झाला आणि अजून २० टक्केच झालंय तर ड्राइव्ह एकच सेक्टर (डेटाचा छोटा तुकडा) परत परत वाचायचा प्रयत्न करतोय. तो मधेच स्पीड कमी करतो, मग परत वाढवतो, त्याचा आवाज ऐकूनसुद्धा कळतं.

कुठे अडकतं ते लिहून ठेवा, कारण त्यावरून डिस्कची कुठली जागा खराब आहे ते कळतं. डीव्हीडीवरचा डेटा आतल्या बाजूने सुरू होतो आणि गोल गोल बाहेर जातो. सिंगल लेयर डिस्क काठोकाठ भरलेली असेल तर शेवटचे दहा-पंधरा टक्के म्हणजे बाहेरची कड, आणि आपण डिस्क धरतो कुठे? कडेलाच. माझ्या ८५ टक्क्याला अडकणाऱ्या डिस्कपैकी निम्म्या तर बोटांच्या ठशांमुळे अडकत होत्या. डबल लेयरमध्ये गंमत अशी की पहिला लेयर आतून बाहेर जातो आणि दुसरा सहसा बाहेरून आत परत येतो, त्यामुळे तिथे कडेची घाण बरोबर पिक्चरच्या मध्यावर त्रास देते. मध्यावर अडकलं की लोक लेयर बदलताना फाटलं म्हणतात, तेही होतं कधी कधी, पण आधी कड पुसून बघा.

पुसायचं मधून बाहेरच्या दिशेने, सरळ. गोल गोल फिरवून नाही. डेटा गोल ट्रॅकवर असतो, त्यामुळे पुसताना बारीक चरा पडलाच तर तो ट्रॅकला आडवा गेलेला बरा, थोडा थोडा डेटा जातो आणि ड्राइव्हचं एरर करेक्शन तो भरून काढतं. ट्रॅकच्या दिशेने गेलेला चरा एका ठिकाणचा सलग डेटा घेऊन जातो आणि मग करेक्शनला काही सुचत नाही. मऊ, धागे न सुटणारं कापड, नुसतं पाणी, चिकट असेल तर आयसोप्रोपिल अल्कोहोल. टूथपेस्टचा उपाय सगळीकडे वाचायला मिळतो. ती मुळात घासणारी गोष्ट आहे, वरचा ओरखडा थोडा कमी होतो आणि शंभर बारीक नवे पडतात. दुसरं काहीच उरलं नसेल आणि त्या डिस्कची आशा सोडलीच असेल तर बघा, त्याआधी नाही.

बर्न केलेल्या डिस्कचा अजून एक आजार म्हणजे वरून स्वच्छ दिसतात, एक ओरखडा नाही, तरी वाचत नाहीत. एकदाच लिहिता येणाऱ्या डीव्हीडीत डेटा एका सेंद्रिय रंगाच्या थरात लिहिलेला असतो आणि तो रंग उन्हाने, उष्णतेने, वयाने उतरतो. ह्याला पुसून काही होत नाही. ह्यावर उपाय म्हणजे दुसरा ड्राइव्ह. हे मला आधी थोतांड वाटायचं पण प्रत्येक ड्राइव्हचा लेसर आणि वाचायची पद्धत थोडी वेगळी असते आणि एकाला न दिसणारा सेक्टर दुसऱ्याला दिसतो. माझ्या लॅपटॉपला यूएसबीने लावलेल्या पातळ ड्राइव्हने नाकारलेल्या सहा डिस्क जुन्या डेस्कटॉपमधल्या धिप्पाड ड्राइव्हने वाचल्या.

त्या पातळ यूएसबी ड्राइव्हवरून आठवलं, डिस्क फिरायला लागताना टक टक आवाज येऊन ड्राइव्ह गायब होत असेल आणि परत दिसत असेल तर तो करंटचा प्रॉब्लेम असायची शक्यता जास्त. हबमधून काढा, थेट कॉम्प्युटरच्या पोर्टला लावा, दोन टोकांची केबल असेल तर दोन्ही टोकं लावा.

आता डीडीरेस्क्यू. साधा कॉपी प्रोग्रॅम खराब जागेवर अडून बसतो, डीडीरेस्क्यू आधी जे सहज वाचता येतं ते सगळं घेतो आणि मग खराब जागांकडे परत येतो. काय मिळालं आणि काय राहिलं ह्याची नोंद तो एका मॅप फाइलमध्ये ठेवतो. ही मॅप फाइल म्हणजे खरा खजिना आहे, कारण ती असेल तर मधे बंद करून उद्या चालू करता येतं, आणि मुख्य म्हणजे तीच डिस्क दुसऱ्या ड्राइव्हमध्ये घालून तीच इमेज आणि तीच मॅप फाइल दिली की तो फक्त राहिलेल्या जागा वाचतो. पहिल्या ड्राइव्हने ९७ टक्के दिलं, दुसऱ्याने उरलेल्यातलं बरंचसं दिलं, असं जोडून जोडून एक अख्खी डिस्क मी परत मिळवली. सेक्टर साईझ २०४८ द्यायची विसरू नका, डीव्हीडीचा सेक्टर तेवढाच असतो. पहिल्या फेरीत खरवडणं (खराब जागा चिवटपणे तुकड्या तुकड्याने वाचणं) बंद ठेवा, दुसऱ्या फेरीत तीन वेळा प्रयत्न करायला सांगा, बस.

शेवटी थोडे सेक्टर गेलेच तर फार वाईट वाटून घेऊ नका. डीव्हीडीचं एरर करेक्शन १६ सेक्टरच्या, म्हणजे ३२ केबीच्या ठोकळ्यांवर चालतं, एक ठोकळा गेला तर व्हिडिओचा सेकंदाचा विसावा हिस्सा वगैरे जातो. दिसायला मात्र अर्धा सेकंद खराब दिसतं कारण एमपेग-२ मध्ये (डीव्हीडीवरचा व्हिडिओ ह्याच पद्धतीने दाबलेला असतो) मधल्या फ्रेम आधीच्या फ्रेमवर टेकलेल्या असतात आणि पुढची पूर्ण फ्रेम येईपर्यंत चित्र सावरत नाही. दीड तासात अर्धा सेकंद. चालतंय की.

डिस्क कोरी दाखवतेय

हे लहान ८ सेंटीमीटरच्या कॅमकॉर्डर डिस्कमध्ये फार होतं. कॅमेऱ्यात दिसतं, कॉम्प्युटर म्हणतो डिस्क रिकामी आहे, फॉरमॅट करू का. नाही म्हणा! डिस्क फायनलाइज केलेली (रेकॉर्डिंग संपल्यावर नीट बंद केलेली) नाही एवढंच त्याचं कारण. कॅमेरा चालू असेल तर त्याच्या मेनूतून फायनलाइज करा. कॅमेरा मेला असेल तर आयसोबस्टर हा प्रोग्रॅम अशा फायनलाइज न केलेल्या डिस्कमधून व्हिडिओ शोधून काढू शकतं. आणि ह्या लहान डिस्क फटीतून आत ओढून घेणाऱ्या ड्राइव्हमध्ये घालू नका, ट्रे असलेल्या ड्राइव्हमध्ये मधल्या खाचेत ठेवा, नाही तर डिस्क काढायला ड्राइव्ह उघडावा लागेल.

डिस्क उघडली पण नेहमीच्या व्हिडिओ_टीएस फोल्डरऐवजी डीव्हीडी_आरटीएव्ही नावाचा फोल्डर दिसला तर ती व्हीआर मोड नावाच्या वेगळ्या पद्धतीने रेकॉर्ड केलेली आहे. आत एक मोठी व्हीआरओ फाइल असते. तिच्या आतसुद्धा एमपेग-२ च असतं, व्हीएलसी बहुतेक वेळा ती उघडतं. आणि विंडोज डिस्क दाखवतं पण चालवत नाही असं असेल तर घाबरू नका, विंडोज ८ पासून डीव्हीडी चालवायची सोय आतमध्ये येतच नाही, व्हीएलसी टाका.

आता मूळ दुखणं, आवाज मागे पडणं

आवाज बरोबर नाही असं नुसतं म्हणून भागत नाही, कसा बरोबर नाही ते बघायला लागतं. फाइलमध्ये तीन ठिकाणी बघा, सुरुवातीला, मध्यावर आणि शेवटी, जिथे कुणीतरी बोलताना समोरून दिसतंय किंवा टाळी वाजतेय. व्हीएलसीत जे आणि के ह्या बटणांनी आवाज ५० मिलिसेकंदांनी मागेपुढे होतो, त्याने प्रत्येक ठिकाणी किती सरकवावं लागतं ते मोजा आणि कागदावर लिहा.

तिन्ही ठिकाणी सारखाच फरक, समजा ३०० मिलिसेकंद, तर नशीबवान आहात. परत एन्कोड करायचीही गरज नाही, एमकेव्हीटूलनिक्स ह्या प्रोग्रॅममध्ये फाइल टाकून ऑडिओ ट्रॅकला तेवढा डिले द्या, मिनिटभरात नवी फाइल.

एका ठिकाणापर्यंत बरोबर आणि मग अचानक एकदम फरक पडला, नंतर तेवढाच राहिला, तर त्या ठिकाणी डिस्क वाचताना एक तुकडा गळालाय आणि कन्व्हर्टरने व्हिडिओचा भाग टाकून दिला पण ऑडिओचा नाही, किंवा उलट. ह्याचं औषध वरच्या भागात आहे, परत नीट इमेज घ्या.

हळूहळू, सरळ रेषेत वाढत जाणारा फरक असेल तर दाट शंका फ्रेम रेटवर. २९.९७ ला ३० समजलं तर तासाला ३.६ सेकंद फरक पडतो, तुमचा आकडा त्याच्या जवळ येतोय का बघा. हे बहुतेक वेळा फाइल एडिटिंगच्या प्रोग्रॅममध्ये टाकल्यावर दिसतं, व्हीएलसीत बरोबर आणि एडिटरमध्ये घसरलेलं. कारण हँडब्रेकने बदलता फ्रेम रेट ठेवलेला असतो आणि काही एडिटर तो एकसारखा आहे असं धरून चालतात. हँडब्रेकमध्ये व्हिडिओच्या टॅबवर फ्रेम रेट सोर्सप्रमाणे ठेवून खाली कॉन्स्टंट निवडा. इथे मात्र सेटिंगच कामाला येतं, हे कबूल.

आणि चौथा प्रकार माझा होता. वाढत जाणारा पण सरळ नाही, पायऱ्या पायऱ्यांनी. दोन मिनिटं स्थिर, मग थोडा वाढला, मग दहा मिनिटं स्थिर, मग थोड्या थोड्या वेळाने तीन पायऱ्या. कागदावर आकडे लिहिले म्हणून दिसलं, नुसतं बघून हळूहळू वाढतोय असंच वाटायचं. त्या पायऱ्या कुठे येतात ते बघितलं तर बरोबर जिथे कॅमेरा बंद करून परत चालू केलाय तिथे.

मी करत काय होतो, तर डिस्कमधला व्हिडिओ_टीएस फोल्डर उघडायचो, त्यातल्या व्हीओबी फाइल (ह्यांत खरा व्हिडिओ असतो) उचलायचो, फाइल जोडणाऱ्या एका प्रोग्रॅममध्ये चिकटवून एक मोठी फाइल करायचो आणि ती हँडब्रेकला द्यायचो. कुठेतरी तसं बघितलं होतं आणि सोपं वाटलं होतं. पण कुठला तुकडा कुठे सुरू होतो, कुठे संपतो आणि कशाच्या नंतर येतो हे सांगणारं कोष्टक व्हीओबीत नसतं, ते बाजूच्या छोट्या आयएफओ फाइलमध्ये असतं. व्हीओबी फाइल प्रत्येकी १ जीबीपर्यंतच असतात, मोठा व्हिडिओ नुसता कापून ठेवलेला असतो, तिथपर्यंत चिकटवणं ठीक. पण आत प्रत्येक वेळी रेकॉर्डिंग चालू-बंद केलं की घड्याळ परत शून्यापासून सुरू होऊ शकतं, आणि नुसतं चिकटवणाऱ्या प्रोग्रॅमला त्याचा पत्ताच नसतो.

मग पायरी का पडते? ह्याचा हिशोब मला फार आवडला. डीव्हीडीवरच्या एसी-३ प्रकारच्या ऑडिओची एक फ्रेम ३२ मिलिसेकंदांची असते आणि २५ फ्रेमवाल्या पाल (आपल्याकडची टीव्हीची पद्धत) व्हिडिओची एक फ्रेम ४० मिलिसेकंदांची. रेकॉर्डिंग थांबवलं तेव्हा दोन्ही एकाच क्षणी संपतील असं सहसा होत नाही, एक थोडं पुढे राहतं. वेळेच्या खुणा वाचणारा प्रोग्रॅम पुढचा तुकडा लावताना ही फट भरून घेतो. आंधळेपणाने जोडलं तर ती फट तशीच पुढे सरकते आणि पुढच्या जोडावर अजून एक. एका जोडाला २० मिलिसेकंद धरले आणि त्या डिस्कवर ७० वेळा कॅमेरा चालू-बंद झालाय, तर १.४ सेकंद. मोजलेला फरक जवळपास तेवढाच होता. आणि मधेच जी एक डिस्क बरोबर निघाली होती ती स्टँडवर कॅमेरा ठेवून एका दमात घेतलेली होती, जोडच नव्हते! त्या वेळी बदललेलं सेटिंग मी दोन आठवडे जपून वापरलं, त्याचा काहीएक संबंध नव्हता.

तेव्हा व्हीओबी फाइल सुट्या उचलू नका. हँडब्रेकला पूर्ण आयएसओ द्या किंवा अख्खा व्हिडिओ_टीएस फोल्डर द्या म्हणजे तो आयएफओ वाचून टायटल (डिस्कवरचे वेगवेगळे व्हिडिओ) दाखवतो. मी आता मधे एक पायरी जास्त घेतो, मेकएमकेव्ही ह्या प्रोग्रॅमने आयएसओतून आधी एमकेव्ही फाइल काढतो. ह्यात एन्कोडिंग नसतं, तोच एमपेग-२ व्हिडिओ दुसऱ्या डब्यात जातो, त्यामुळे हार्ड डिस्कवरून काही मिनिटांत होतं आणि क्वालिटी तसूभरही जात नाही. ही एमकेव्ही तीन ठिकाणी तपासायची, बरोबर असेल तरच रात्रभराचं एन्कोडिंग लावायचं. सकाळी उठून डोक्याला हात लावायची वेळ येत नाही.

इथे एक खड्डा आहे ज्यात मी पडलो. मेकएमकेव्ही मुळात १२० सेकंदांपेक्षा छोटी टायटल दाखवतच नाही, आणि काही रेकॉर्डर प्रत्येक क्लिपचं वेगळं टायटल करतात. दीड-दीड मिनिटाच्या सगळ्या क्लिप गायब. सेटिंगमध्ये जाऊन ती मर्यादा कमी करा. हँडब्रेकची तशीच मर्यादा १० सेकंदांची असते, तिचा त्रास कमी होतो.

आयएफओ फाइलच खराब असेल तर? डीव्हीडी बनवणाऱ्यांनी हा विचार केलेला आहे, त्याच नावाची बीयूपी फाइल म्हणजे तिची नक्कल. फोल्डर हार्ड डिस्कवर कॉपी करा, बीयूपीची एक कॉपी करून तिचं एक्स्टेन्शन आयएफओ करा. दोनदा कामाला आलंय. दोन्ही गेल्या असतील तर मात्र व्हीओबीच उचलाव्या लागतात, अशा वेळी नावात शेवटी शून्य असलेली व्हीओबी सोडून द्या, ती मेनूची असते.

चित्राच्या तक्रारी

हलणाऱ्या वस्तूच्या कडेला कंगव्यासारख्या आडव्या रेघा दिसतात त्याला इंटरलेसिंग म्हणतात. कॅमकॉर्डरचं जुनं रेकॉर्डिंग जवळपास सगळं असंच असतं, एका फ्रेममध्ये दोन वेगळ्या क्षणांच्या अर्ध्या अर्ध्या ओळी. जुन्या टीव्हीवर कधी दिसलं नाही कारण तो टीव्हीच तसा चालायचा. हँडब्रेकच्या फिल्टरमध्ये डीइंटरलेस चालू करा. त्यातला बॉब पर्याय निवडला तर २५ ऐवजी ५० फ्रेम मिळतात आणि हालचाल मूळच्या इतकी गुळगुळीत राहते, फाइल थोडी मोठी होते. पळणारी पोरं, नाच, खेळ असेल तर मी बॉबच लावतो. आणि रेघा जाऊन चित्र पुढे-मागे थरथरायला लागलं तर फील्डचा (त्या अर्ध्या अर्ध्या ओळींच्या संचांचा) क्रम उलटा धरला गेलाय, एफएफएमपेग ह्या प्रोग्रॅममध्ये तो स्वतः सांगता येतो.

माणसं लांबुडकी किंवा बसकी दिसणं. पाल डीव्हीडीचं चित्र ७२० बाय ५७६ असतं, हे प्रमाण ना ४:३ आहे ना १६:९, ते ५:४ येतं. म्हणजे डीव्हीडीचे पिक्सेल चौकोनीच नसतात, प्लेअरने ते ताणून दाखवायचे असतात आणि किती ताणायचं त्याची खूण फाइलमध्ये असते. ती खूण न वाचणाऱ्या प्रोग्रॅममध्ये चेहरे बिघडतात. मग सरळ चौकोनी पिक्सेलमध्ये काढा, ४:३ साठी ७६८ बाय ५७६ आणि १६:९ साठी १०२४ बाय ५७६. एनटीएससीची (अमेरिका-जपानकडची टीव्हीची पद्धत) डिस्क ७२० बाय ४८० असते, तिला ६४० बाय ४८० किंवा ८५४ बाय ४८०. १०८० ला वाढवू नका, डिस्कमध्ये नसलेलं डिटेल येत नाही, फक्त फाइल फुगते.

क्वालिटीसाठी कॉन्स्टंट क्वालिटी ठेवा आणि आरएफ हा क्वालिटीचा आकडा १८ ते २० च्या मधे, आकडा जितका लहान तितकी फाइल मोठी. एक्स२६४ पुरे. जुन्या कॅमेऱ्याच्या दाणेदार चित्राला ह्याहून खाली गेलात तर तो फक्त दाणे जपत बसतो.

चित्र आहे पण आवाजच नाही, असं टीव्हीवर किंवा फोनवर होत असेल तर एमपी४ मध्ये एसी-३ किंवा पीसीएम ऑडिओ तसाच गेलाय आणि समोरच्या यंत्राला तो कळत नाही. तो एएसी ह्या प्रकारात करा. दोन्ही हवं असेल तर दोन ट्रॅक ठेवा, पहिला एएसी. सबटायटल असतील तर ती डीव्हीडीत अक्षरं नसून छोटी चित्रं असतात, एमकेव्हीत तशीच राहतात, एमपी४ मध्ये बरेच प्लेअर ती दाखवत नाहीत.

हँडब्रेक ९९ टक्क्याला लटकलंय म्हणून मी एकदा रागाने बंद केलं आणि पाच तासांचं काम घालवलं. वेब ऑप्टिमाइज्डची खूण चालू असेल तर फाइल लिहून झाल्यावर तो आतली अनुक्रमणिका पुढे आणून ठेवतो आणि त्याला वेळ लागतो. फाइलच्या फोल्डरमध्ये साईझ बदलतेय का, हार्ड डिस्कचा दिवा लुकलुकतोय का ते बघा आणि थांबा.

फाइल तयार झाली की शेवटची दोन मिनिटं आवर्जून बघा, आयएसओत ती जेवढ्या वेळाला संपते तेवढ्यालाच ही संपतेय का तेही. आणि वाचायला त्रास दिलेल्या डिस्कची आयएसओ मॅप फाइलसकट ठेवून द्या. माझ्या तीन डिस्कचे काही सेक्टर अजून राहिलेत, कुणाचा जुना ड्राइव्ह हाताला लागला की परत एकदा लावणार आहे.